नऊ हजार खेळाडूंचा हिशेब

२०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तीनेक आठवड्यांच्या अंतराने, पुण्यात तयार होणारे दोन व्हिडिओ गेम जगासमोर आले. १८ ऑगस्टला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' निन्टेंडो स्विच या कन्सोलवर विक्रीला आला. नॉडिंग हेड्स गेम्स या मूठभर माणसांच्या गटाने तो केला होता. १० सप्टेंबरला युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या आपल्या २००३ च्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती जाहीर केली आणि तिचे काम आपल्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे असल्याचे सांगितले. दोन्ही खेळांची जातकुळी एकच. भिंतीवरून धावायचे, खांबांवरून झेप घ्यायची, जुन्या महालांतल्या कोड्यांमधून वाट काढायची. 'राजी' खेळताना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवत नाही असा जाणकार खेळाडू विरळाच. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच घराण्यातले दोन खेळ. एक छोट्या गटाचा, दुसरा हजारो माणसे पदरी असलेल्या कंपनीचा. छोट्या आणि मोठ्यांची तुलना करायला इतका स्वच्छ दाखला सहसा हाती लागत नाही, म्हणून या पुस्तकाची सुरुवात तिथूनच करणे योग्य.

नव्या 'प्रिन्स'चा पहिला ट्रेलर लोकांना रुचला नाही. चेहरे आणि प्रकाशयोजना मागच्या पिढीची वाटते अशी ओरड झाली. जानेवारी २०२१ ची तारीख आधी मार्चवर आणि मग बेमुदत पुढे गेली, आणि मे २०२२ मध्ये सगळे काम पुण्या-मुंबईकडून काढून कॅनडातल्या माँट्रियलला नेण्यात आले. 'राजी'ची वाटही सोपी नव्हती. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा प्रयत्न फसला. नंतर एपिक गेम्स या कंपनीकडून अनुदान मिळाले, प्रकाशक मिळाला आणि काम तडीस गेले. खेळ निर्दोष नव्हता. लढाई अडखळते, खेळ लवकर संपतो, असे समीक्षकांनी स्पष्ट लिहिले आणि ते खरे होते. तरीही त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळांच्या नामांकनांत 'राजी' होता. राजस्थानी वास्तुकला, पहाडी शैलीची चित्रे आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा यांचा मेळ असलेला असा खेळ जगाने आधी पाहिलेला नव्हता. २०२२ मध्ये त्या गटाने सुधारित आवृत्ती काढून हिंदी आवाजही दिले. आपल्या चुका दुरुस्त करण्याची संधी त्या गटाच्या हातात राहिली. युबिसॉफ्टच्या पुण्यातल्या माणसांकडून ती काढून घेतली गेली.

या घटनेतून लहानग्याने राक्षसाला हरवले अशी गोष्ट रचणे सोपे आहे आणि चुकीचेही. युबिसॉफ्टच्या पुणे स्टुडिओतली माणसे कमी कसबी नव्हती. २००८ पासून त्या स्टुडिओने मोठमोठ्या खेळांवर काम केले आहे. नॉडिंग हेड्सकडे काही दैवी प्रतिभा होती असेही नाही. एकाच शहराच्या नोकरीबाजारातून, जवळपास सारख्याच शिक्षणातून आलेली माणसे दोन्हीकडे होती. फरक होता तो निर्णय कुठे होतो याचा. एका ठिकाणी नायिका राजीचा पोशाख कसा असावा हे ठरवायला एका खोलीतल्या चार जणांचे एकमत पुरे होते. दुसऱ्या ठिकाणी राजपुत्राचा चेहरा कसा दिसावा हे ठरवताना पॅरिसजवळचे मुख्यालय, बाजारपेठ सांभाळणारे, जुने चाहते आणि शेअर बाजार या सगळ्यांची संमती लागत होती. गंमत म्हणजे १९८९ चा मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेक्नर या एका तरुणाने जवळजवळ एकहाती लिहिला होता. राजपुत्राची धाव आणि उडी खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चौकट रेखाटली. जे एका माणसाच्या हट्टातून जन्माला आले, ते पुढे इतक्या माणसांच्या संमतीचे ओझे वाहू लागले की त्याला हलणेच कठीण झाले.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते असे आहे : खेळ करायला किती पैसा लागला यावरून तो किती जणांना आवडलाच पाहिजे हे ठरते, आणि किती जणांना आवडलाच पाहिजे यावरून त्यात एखादे गाव, एखादी बोली, एखादी रीत कितपत शिल्लक राहू शकेल हे ठरते. याला पुरावा म्हणून साधा हिशेब मांडू. २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनी कंपनीची काही कागदपत्रे नीट न झाकता सादर झाली आणि त्यातून 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या खेळाचा निर्मितिखर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचे उघड झाले. खेळ आला तेव्हा त्याची किंमत ६० डॉलर होती. दुकानाचा वाटा ढोबळमानाने ३० टक्के धरला तर हाती येतात ४२ डॉलर. म्हणजे नुसता निर्मितिखर्च वसूल व्हायला, जाहिरातीचा एक पैसा न धरता, सुमारे ५२ लाख प्रती विकल्या गेल्या पाहिजेत. आता दुसरा हिशेब. पूर्व विदर्भातल्या गोंदियात राहणाऱ्या तिघांनी महिना प्रत्येकी २५,००० रुपयांत दोन वर्षे काम केले तर खर्च १८ लाख. खेळाची किंमत ४०० रुपये ठेवली, त्यातून दुकानाचा वाटा, कर, सवलती आणि परतावे वजा जाता २०० रुपये हाती आले असे धरू. मग लागतात ९,००० खेळाडू. २०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजारांच्या आसपास आहे. मोठ्या खेळाला तग धरायला असे चार जिल्हे लागतात, तेही तान्ह्या बाळासकट सगळ्यांनी पैसे मोजले तर. छोट्याला जगभरातून नऊ हजार माणसे पुरतात.

५२ लाख माणसांना एकाच वेळी रुचेल अशी गोष्ट करायची तर कोणालाही अनोळखी वाटेल असे काही त्यात ठेवून चालत नाही. त्यामुळे मोठ्या खेळांतली शहरे, युद्धे, नायक हळूहळू एकमेकांसारखे होत जातात. कलावंतांना कळत नाही म्हणून तसे होते असे मुळीच नाही. इतका पैसा पणाला लावणाऱ्याला अनोळखी गोष्टीचा धोका पत्करता येत नाही. ९,००० माणसांचा खेळ करणाऱ्याची अडचण नेमकी उलटी असते. ओळखीचे, गुळगुळीत असे काही त्याने केले तर मोठ्यांच्या गर्दीत त्याच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. त्याला वेगळे असावेच लागते, आणि वेगळे होण्याची सर्वांत भक्कम सामग्री म्हणजे त्याला जे इतरांपेक्षा जवळून माहीत आहे ते.

गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला जवळून काय माहीत असते? एकच उदाहरण घेऊ, पण नीट घेऊ : मामा तलाव, म्हणजेच माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या या पट्ट्यात हजारो तलाव बांधले. नवेगाव बांधचा तलाव परंपरेने कोलू पाटलांच्या नावाशी जोडला जातो. अशा एका तलावात काय काय चालते ते पाहा. पाळ धरून ठेवायची, सांडव्यातून जादा पाणी जाऊ द्यायचे, तुडुमातून हवे तेवढेच पाणी सोडायचे आणि पाणकराने ते बांधीबांधीत फिरवायचे. पावसाने दडी मारली की पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, पिवळे पडू लागतात आणि रोवणी अडते. तेव्हा वरच्या बांध्यांना पाणी द्यायचे की खालच्या? धान निसवताना शेवटचे पाणी हवेच, पण तेव्हा तलाव फार उतरवला तर ढिवरांच्या मासळीचे काय? हिवाळ्यात बदके उतरायची तर उथळ पाणी आणि त्यातल्या देशी वनस्पती शिल्लक असायला हव्यात, आणि तलावात बेशरम हे तण माजले असेल तर त्या वनस्पती टिकत नाहीत. गाळ काढला तर खोली वाढते, पण कुठूनही कसाही काढला तर काठावरचे जीवन उजाडते. १९५० नंतर मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून दुरुस्ती कोणी करायची हाही एक प्रश्न होऊन बसला.

व्हिडिओ गेम रचणाऱ्याला हे वर्णन वाचताच कळेल की यात खेळ आयताच मांडून ठेवलेला आहे. मर्यादित साधन, परस्परविरोधी गरजा, ऋतूंचे चक्र, आजच्या निर्णयाचा चार महिन्यांनी दिसणारा परिणाम. एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून २०१६ मध्ये 'स्टारड्यू व्हॅली' काढला. शेती करण्याचा, गावातल्या माणसांशी नाती जोडण्याचा हा साधा खेळ. २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. त्यातली शेती एकट्या शेतकऱ्याची आहे. पाणी तो आपल्या झारीने घालतो, त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावे लागत नाही. धानाच्या शेतीत पाणी कधीच एकट्याचे नसते. तुडुम उघडण्याचा निर्णय हा गावाचा निर्णय असतो, आणि ही गोष्ट वाचून जितकी कळेल त्याहून हाताने खेळून अधिक कळेल. असा खेळ शेकडो माणसांचा स्टुडिओ करणार नाही; त्याच्या बैठकीत हा विषय दहा मिनिटेही टिकणार नाही. तो केला तर ज्यांनी बांधीत पाय घातले आहेत असे तीन-चार जणच करतील.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. स्टारड्यू व्हॅलीचे नाव घेणे म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाचे नाव घेऊन तिकिटे खपवण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही. स्टीम या संगणकीय खेळांच्या सर्वांत मोठ्या दुकानात १०० डॉलर भरून कोणीही आपला खेळ ठेवू शकतो. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. त्यांतल्या बहुतेकांना नऊ हजार सोडाच, नऊशे खेळाडूही मिळत नाहीत. म्हणून या पुस्तकात यशाच्या कथा मुद्दाम कमी ठेवल्या आहेत. पण या आक्षेपातून 'छोट्यांनी नाद सोडावा' असा निष्कर्ष निघत नाही. अपयशाचा आकार काय, हेही पाहावे लागते. सोनीने ऑगस्ट २०२४ मध्ये 'कॉन्कॉर्ड' हा खेळ आणला. वर्षानुवर्षे चाललेले काम, अफाट खर्च. आणि विक्री सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत खेळ बंद करून सगळ्या ग्राहकांना पैसे परत द्यावे लागले. ऑक्टोबरमध्ये तो करणारा फायरवॉक स्टुडिओच बंद झाला. तिघांचा खेळ बुडाला तर तिघांची दोन वर्षे बुडतात. हे नुकसान लहान नाही. पाठीशी घर आणि शेती नसेल तर ते सोसवणारेही नाही. पण त्यातून शिकलेले तिघांकडेच राहते आणि पुढच्या खेळात कामी येते. मोठा खेळ बुडाला की माणसे पांगतात आणि केलेले कामही कंपनीच्या कुलपात जाते. म्हणून पहिला खेळ दोन वर्षांचा न करता सहा महिन्यांचा करावा, तो नोकरी किंवा शिक्षण सांभाळून करावा, असाच सल्ला पुढील पानांत ठिकठिकाणी दिसेल.

दुसरा आक्षेप आपल्या भागापुरता अधिक टोचणारा आहे. गोंदिया, आमगाव, तिरोड्याची मुले खेळतात ती मोबाइलवर, आणि फुकट. चारशे रुपये देऊन खेळ विकत घेणारा इथे आहे कुठे? आज तरी फारसा नाही, हे मान्य केले पाहिजे. 'राजी'चा ग्राहकही मुख्यतः परदेशातला होता. पण आपला माणूस आपल्या करमणुकीसाठी पैसे मोजत नाही असे या जिल्ह्यात उभे राहून कोणी म्हणू नये. दिवाळीनंतर धान घरात येऊ लागले की मंडई भरतात, शंकरपट होतात आणि होळीपर्यंत झाडीपट्टीचे नाटक रात्ररात्र चालते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून मंडळे निघतात आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावोगावी प्रयोग करतात. लोक तिकीट काढून, थंडीत पहाटेपर्यंत बसून ते पाहतात. दूरचित्रवाणी आली, मोबाइल आला, मुंबईचे कोट्यवधींचे सिनेमे आले, तरी हा रंगमंच उभा आहे आणि २०२३ मध्ये त्यातल्या परशुराम खुणे या कलावंताला पद्मश्री मिळाली. हे नाटक मुंबईत चालावे म्हणून लिहिलेले नसते. समोर कोण बसणार आहे, हे नाटककाराला ठाऊक असते. सगळ्यांसाठी नसलेली आणि म्हणूनच काहींना हवीहवीशी वाटणारी कला पोट भरू शकते, याचा याहून जवळचा पुरावा हवा कशाला? अर्थात नाटकाचे तिकीट दारावर काढावे लागते आणि मोबाइलवरचा खेळ फुकट उतरवता येतो, हा फरक मोठा आहे. झाडीपट्टीने आपले प्रेक्षक शंभराहून अधिक वर्षांत घडवले. खेळांना तेवढा अवधी मिळालेला नाही.

याच मुद्द्याला एक उपशंका चिकटून येते : ग्राहक परदेशी असेल तर आपले गाव हे त्याच्यापुढे मांडलेले नवलाईचे प्रदर्शन होऊन बसणार नाही का? हा धोका खरा आहे. कचारगडच्या गुहा दाखवायच्या म्हणून दाखवल्या, गोंड समाजासाठी तिथल्या यात्रेचा काय अर्थ आहे हे समजूनच घेतले नाही, तर छोट्या गटाचा खेळही तितकाच उथळ होईल. आपल्या जिल्ह्यातला म्हणून कोणी आपोआप प्रामाणिक होत नाही. गोंदियातल्या शहरी मुलाला सालेकशाच्या गोंड मुलाचे जग आतून माहीत असतेच असे नाही. लहान असण्याने फक्त संधी मिळते. तिचे सोने करायचे तर ज्यांची गोष्ट आहे ते लोक निर्णयाच्या खोलीत असले पाहिजेत. मोठ्या स्टुडिओला सल्लागार नेमावा लागतो. छोट्या गटाला भागीदार घेता येतो.

आता मोठ्यांच्या बाजूने बोलले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून हा धंदाच उभा राहिला नसता. 'रेड डेड रिडेम्प्शन टू'सारखे हवा, घोडे आणि माणसे यांनी गजबजलेले जग तिघेजण आयुष्यभर राबूनही करू शकणार नाहीत, आणि असे जग पाहायला मिळणे हा आनंदच आहे. अशा खेळांत भारतीय हातांचे कामही असते. तो खेळ करणाऱ्या रॉकस्टार कंपनीचा बंगळुरूमध्ये मोठा स्टुडिओ आहे. मोठे स्टुडिओ पगार देतात, शिस्त शिकवतात, खेळ अर्ध्यावर न सोडता पूर्ण कसा करायचा हे शिकवतात, आणि हे शेवटचे कौशल्य पुस्तकातून येत नाही. २०२५ चा सर्वोत्तम खेळ ठरलेला 'क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पेडिशन ३३' फ्रान्समधल्या माँपेलिए या शहरात तीसेक माणसांच्या सँडफॉल या गटाने केला, त्याचा प्रमुख गिओम ब्रोश युबिसॉफ्टमध्येच तयार झालेला. (त्या तिसांच्या पाठीशी बाहेरून काम करणारे पुष्कळ होते, हे विसरू नये; 'छोटा' हा शब्द जाहिरातीतही वापरला जातो.) म्हणून पुण्यात किंवा हैदराबादेत मोठ्या स्टुडिओत नोकरी धरणाऱ्या गोंदियाच्या अभियंत्याला हे पुस्तक परत फिर म्हणणार नाही. तिथे चार वर्षे घालवून ये, असेच सांगेल. फक्त त्या नोकरीला कायमचे छप्पर समजू नये. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातून १,९०० माणसे एका झटक्यात कमी केली, आणि त्या वर्षी तसे करणारी ती एकटी कंपनी नव्हती.

स्वतंत्र म्हणवणारे खरेच किती स्वतंत्र असतात, हा प्रश्नही टाळता येत नाही. दुकान त्यांचे नसते. स्टीम ३० टक्के कापून घेते, आणि २०१८ पासून नियम असा आहे की एखाद्या खेळाची कमाई १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के कापायचे. म्हणजे जो मोठा त्याला सवलत आणि जो छोटा त्याला पूर्ण कर. अवजारेही त्यांची नसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गेम इंजिनच्या मालकांनी एके दिवशी जाहीर केले की ठरावीक मर्यादेनंतर खेळ जितक्या वेळा उतरवला जाईल तितक्या वेळा पैसे द्यावे लागतील. वर्षानुवर्षे त्या इंजिनवर काम केलेल्या छोट्या गटांची झोप उडाली. कडाडून विरोध झाला, वर्षभराने तो आकार मागे घेतला गेला, पण आपली विहीर दुसऱ्याच्या वावरात आहे हे सगळ्यांना कळून चुकले. त्या सुमारास अनेकजण गोदो या मुक्त इंजिनकडे वळले. अर्जेंटिनातल्या दोन मित्रांनी सुरू केलेले हे इंजिन २०१४ पासून कोणालाही फुकट वापरता, तपासता, बदलता येते. मराठीच्या दृष्टीने त्याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी नीट उमटत नसे. 'गोंदिया' लिहिले तर 'द'ची वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसे, जोडाक्षरे फुटून हलंत दिसत. मार्च २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत अक्षरे जुळवण्याची यंत्रणाच नव्याने बसवली गेली आणि मराठी मजकूर जसाच्या तसा पडद्यावर येऊ लागला. जगातल्या अशा सगळ्या लिप्यांची गरज ओळखून मुक्त समूहाने ते काम केले. त्याचा लाभ आज सडक अर्जुनीतल्या मुलालाही एक रुपया न देता मिळतो.

गोंदियात या विषयाच्या वाटेत आणखी एक काटा आहे. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी ऑनलाइन जुगारातल्या फसवणुकीच्या प्रकरणात गोंदियात घातलेल्या छाप्यानंतर 'ऑनलाइन गेमिंग' म्हटले की इथल्या पालकांना जुगार आणि कोट्यवधींची फसवणूक आठवते. त्यांची भीती रास्त आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने ही सरमिसळ निदान कागदावर तरी संपवली : पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ मनोरंजनाचे वा शिक्षणाचे खेळ यांना उत्तेजन. मुलगा खेळ करतो म्हणजे सट्टा लावतो असे नाही, हे घराघरांत सांगायला आता कायद्याचा आधार आहे.

त्याच वर्षी राज्य सरकारने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव यांचे धोरण मंजूर केले, आणि केंद्राने मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू केली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. काळजी एवढीच वाटते की असे धोरण इमारती, पार्क आणि मोठ्या गुंतवणुकीच्या भाषेत विचार करते, आणि तो विचार मुंबई, पुणे, फार तर नागपूरपर्यंत पोचतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने वेगळा रस्ता धरला होता. तिथल्या फिल्म व्हिक्टोरिया या सरकारी संस्थेने हाउस हाउस नावाच्या चौघांच्या गटाला 'अनटायटल्ड गूस गेम'साठी मदत केली. एका खोडकर हंसाने गावात धुमाकूळ घालायचा, एवढाच तो खेळ. २०१९ मध्ये तो आला आणि पुढच्या वर्षी कोट्यवधी डॉलरच्या खेळांना मागे टाकून त्याने 'डाइस' पुरस्कारांतला सर्वोत्तम खेळाचा सन्मान मिळवला. आपल्या धोरणात ९,००० खेळाडूंच्या हिशेबाला जागा असेल तर एका मोठ्या पार्कच्या कुंपणाला लागणाऱ्या खर्चात पूर्व विदर्भातले दहा-वीस गट वर्षभर पोसता येतील. त्यासाठी अर्ज मराठीत भरता आला पाहिजे, नोंदणीकृत कंपनीची अट पहिल्या खेळाला नसली पाहिजे, तपासणाऱ्यांत खेळ स्वतः केलेली माणसे असली पाहिजेत, आणि खेळ पुरा होऊन लोकांच्या हाती पडला हीच यशाची कसोटी मानली पाहिजे. धोरण येवो न येवो, गोंदियाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या तिघांना एक जुना संगणक, एक मुक्त इंजिन आणि सहा महिने एवढ्यावर सुरुवात करता येते. पहिले प्रकरण त्यांच्यासाठी लिहिले आहे. त्यात एकाच तलावाचा, एकाच हंगामाचा, वीस मिनिटांत खेळून होणारा खेळ टप्प्याटप्प्याने बांधून दाखवला आहे, आणि त्यातला मजकूर मराठीत आहे.